डिसेंबरच्या मापाचा दस्ता

आमच्या व्हिलात लॉरेन्स अंकलबद्दल पक्की बातमी अशी होती, की या माणसाने आफ्रिकेत सिंह मारलाय. कुठल्याशा शेखबरोबर गेला होता, शेखची गोळी हुकली, सिंह अंगावर आला आणि वसईच्या लॉरेन्स डाबरेने त्याला दोन पावलांवर लोळवला. डाव्या खांद्यावर पंजाची खूण आहे म्हणे. अबू धाबीच्या खलिफा सिटीतल्या या व्हिलाचे भाग पाडून सहा फ्लॅट केलेत. तळमजल्यावरच्या काकू ही गोष्ट सांगताना आवाज इतका खाली न्यायच्या, की ऐकणाऱ्याला वाकावंच लागे. "कुणाला बोलू नकोस हं, पण त्याच्या फोनवर फोटोच आहे."

फोटो आहे, खरं आहे. त्यात सिंहही आहे. पण तो भुसा भरलेला आहे, आणि अंकल त्याच्या शेजारी उभे आहेत कारण एका शेखच्या मजलिसमधल्या, म्हणजे बैठकीच्या खोलीतल्या बाकाचा पाय बदलायला ते गेले होते. खांद्यावरची खूण दाराची. शारजात दार बसवताना बिजागरी सुटली आणि सगळं सागवान अंगावर आलं. लॉरेन्स अंकलनी जन्मात उंदीर मारलेला नाही. घरात झुरळ निघालं, की ते स्टुलावर आणि त्यांची बायको इनेज आंटी खाली चप्पल घेऊन. बंदुकीचा घोडा तर त्यांनी एकदाही ओढलेला नाही. ते बंदुकीचे दस्ते करतात. दस्ता म्हणजे बंदुकीचं लाकूड, जे खांद्याला लागतं आणि ज्यावर गाल टेकतो, ते.

हे मला ठाऊक, कारण मुसफ्फ्याच्या कारखान्यांच्या वस्तीत अंकल ज्या वर्कशॉपमध्ये काम करतात, त्याच्याच काउंटरवर माझी आई असते. बंदुका दुरुस्त करायचं लायसन असलेली जागा. पुढे काउंटर, मध्ये कुलपातली लोखंडी खोली, मागे अंकलचं सुतारकाम. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी एकटीने एसी जाळत बसण्यापेक्षा मी आईबरोबर जाते आणि काउंटरमागे बसून माणसं ऐकते, मग त्यांच्या नकला काढते.

अंकलचं बोलणं ऐकायला सोपं आणि काढायला महाकठीण. आधी जीभ टाळ्याला लावून एक "च्च", मग लाकडाकडे बघणं, मग माणसाकडे. मालक सत्यजित सर काहीही म्हणाले तरी उत्तर एकच, "ओके सर." हे दोन तऱ्हांनी येतं. सरळ आलं तर काम सरांच्या म्हणण्याप्रमाणे होणार. "ओ-के सर" असं मधे तुटून आलं, तर ते काम आता सरांच्या हातून गेलं.

तीस वर्षांपूर्वी वसईजवळच्या निर्मळहून ते सुतार म्हणून आले. दारं केली, मजलिसची बाकं केली. अकरा वर्षांपूर्वी सरांनी एक चिरलेला दस्ता त्यांच्याकडून सांधून घेतला, तो कुठे सांधलाय ते सरांनाच सापडेना, आणि अंकल इथेच राहिले. माप घ्यायची त्यांची रीत निराळी. टेप सगळ्यात शेवटी निघते. आधी गिऱ्हाइकाने डोळे मिटायचे. मिटल्या डोळ्यांनी बंदूक खांद्याला लावायची, गाल आरामात टेकवायचा, मान ओढायची नाही, दाबायची नाही. मग डोळे उघडायचे. नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे पुढचं निशाण, मागच्या निशाणात आपसूक येऊन बसलेली दिसली पाहिजे. नाही बसली, तर दोष दस्त्याचा.

"माणूस कापता येत नाही ना गो बाय," अंकल मला म्हणाले होते, "म्हणून लाकूड कापायचं."

ऑगस्टमध्ये एमान मॅडम आल्या. अबू धाबीच्याच, पंचेचाळिशीच्या, उंची माझ्याएवढी, म्हणजे विशेष नाही. हिंदी त्यांना लहानपणी त्यांना सांभाळणाऱ्या हैदराबादी ताजबीने शिकवलेली, त्यामुळे कपड्यांत अबू धाबी आणि तोंडात चारमिनार. त्यांनी पेटी उघडली. आत ठासणीची बंदूक. नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासायची, एक बार काढायचा, आणि पुन्हा ठासेपर्यंत मिनिटभर देवाचं नाव घेत बसायचं. तेवढ्यात हरीण काही थांबत नाही. म्हणजे गोळी एकच.

बंदूक त्यांच्या वडिलांची. ते दर डिसेंबरला अमेरिकेतल्या एका डोंगरात हरणाच्या शिकारीला जायचे. तिथे थोडे दिवस फक्त ठासणीच्या बंदुकांसाठी राखलेले असतात. दुर्बीण लावायला बंदी, लोखंडी निशाणावरच नेम धरायचा. मागच्या वर्षी वडील वारले. या डिसेंबरला त्यांच्या जागी मॅडम जाणार होत्या, त्याच वाटाड्याबरोबर, याच बंदुकीने.

"बाबा सिक्स फूट टू थे," मॅडम म्हणाल्या. "मैं नहीं ना."

मग त्यांनी अक्रोडाच्या दस्त्यावर एका जागी बोट ठेवलं. तिथे पॉलिश उडून लाकूड फिकं पडलं होतं. तीस वर्षं वडिलांचा गाल टेकत होता ती जागा. "पीछे से काटो, कित्ता भी काटो. इसकू हात नक्को लगाना."

अंकलनी डोळे मिटायला सांगितलं. मॅडमच्या अंगावर सुती अबाया, आमचा एसी चोविसावर. बंदूक वर आली. अंकलनी बघितलं, टेप लावली, दस्त्याच्या मागच्या टोकापासून सव्वा इंचावर पेन्सिलीची रेघ ओढली. निशाणंही मागच्या अंगणात, दुपारच्या उन्हात तीन-चार लावून बघितली. मॅडमना आवडली सगळ्यात बारीक जोडी. मागे टाचणीच्या डोक्याएवढं भोक असलेली चकती, पुढे पात्यासारखी पातळ माशी. "एकदम सुई," त्या म्हणाल्या.

"सव्वा इंच कट, बारीक निशाण, डन," सत्यजित सर म्हणाले. "लॉरेन्सभाऊ, थर्सडेपर्यंत होईल ना? यल्ला, लिहून घ्या."

अंकलनी च्च केलं. लाकडाकडे बघितलं. मग मॅडमकडे. "मॅडम, उधर डिसेंबर में ठंडी कितना?"

"माइनस टेन, माइनस ट्वेल्व. कभी उससे जास्ती."

अंकलनी खोडरबर घेतला आणि रेघ पुसून टाकली.

सरांचा चेहरा मला नीट काढता येतो. भुवया वर, ओठ आत, दोन बोटं घड्याळावर. मॅडम जाईपर्यंत त्यांनी तो तसाच धरला. "काय चाललंय, लॉरेन्सभाऊ? माप तुम्हीच घेतलंत."

"ऑगस्टचं घेतलं सर. मॅडमच्या अंगावर आज एक कपडा. तिथे चार असतील, वरून कोट. तेवढं कापड खांद्यावर चढलं की दस्ता तेवढा लांब झाला. सव्वा इंच कापून ती तिकडे गेली, तर मागचं टोक कोटात अडकणार. हरीण उभं, आणि मॅडम काखेतून बंदूक सोडवतेय."

"मग दीड कापा."

"दीड का? पावणेदोन का नाही? दोन का नाही? अंदाजाने कापू? जास्त गेलं तर लाकूड परत वाढत नाही सर. दुसरा बाप कुठून आणायचा?"

"अहो, आपल्याकडे सगळे एसीतच माप देतात. आजपर्यंत कुणी कम्प्लेंट केली?"

"केली असेल. डोंगरात केली असेल, हरणाकडे. आपल्याला कशी ऐकू येणार?"

सरांनी मग मॉलमधल्या बर्फाच्या जॅकेटची किंमत फोनवर काढली. "साडेचारशे दिरहम. म्हणजे दहा हजार रुपयांच्या वर. एका तासासाठी?"

"जॅकेट नको सर," अंकल म्हणाले. "जॅकेट घालून एसीत माणूस ताठ उभा राहतो, लग्नात फोटो काढायला उभा राहिल्यासारखा. खरी थंडी लागली की खांदे वर जातात, मान आत जाते. मला ती मान पाहिजे."

"अबू धाबीत ऑगस्टमध्ये माइनस टेन आणणार कुठून?"

"माइनस एटीन आहे. दोन गल्ल्या सोडून."

दोन गल्ल्या सोडून एक कोल्ड स्टोअर आहे. तिथला फोरमन रफिक, केरळचा, जुन्या लेबर कॅम्पमध्ये अंकलच्या वरच्या बंकवर झोपायचा. सरांनी फोन खिशात टाकला. मग म्हणाले, "इतक्या मोठ्या घरातली कस्टमर. तिला तुम्ही फ्रोझन मटारमध्ये उभी करणार? नो. ॲब्सोल्यूटली नो."

"ओ-के सर," अंकल म्हणाले.

मी काउंटरमागे मान खाली घातली. संध्याकाळी अंकलनी आईच्या फोनवरून मॅडमना स्वतः कॉल केला, स्पीकरवर. हिंदीत सगळं सांगितलं. मग मॅडम म्हणाल्या, "कब आऊं?"

गोष्ट मॅडमच्याच तोंडून आल्यावर सरांना नाही म्हणता येईना. बायकामाणूस एकटं नको म्हणून आई निघाली, आईबरोबर मी. खरी बंदूक लोखंडी खोलीतच राहिली. अंकलनी नकली दस्ता केला होता, मागचं टोक पुढेमागे सरकणारा, वर पाण्याचा पाइप आणि पाइपवर बदलता येणारी निशाणं. तरी रफिक दारात हात आडवा करून उभा.

"लॉरेन्स भाय, फ्रीझर में गन नई चलेगा. मेरा नौकरी जायेगा."

"गन नहीं, लकड़ी है. पाइप तेरे संडास का है, बघ."

रफिकने पाइप हुंगल्यासारखा केला आणि आम्हाला निळी जॅकेटं दिली, गुडघ्यापर्यंतची, आतून मेंढीसारखी. मॅडमच्या पाठीवर लिहिलेलं होतं, लोडर चौदा.

बाहेर बेचाळीस, आत उणे अठरा. पहिलं मिनिट मजेत गेलं. आईने हात फिरवून मटाराच्या खोक्यांचे भावही विचारले. तिसऱ्या मिनिटाला नाकातले केस टोचायला लागले. पाचव्या मिनिटाला मॅडमचे खांदे हळूहळू कानांकडे निघाले आणि हनुवटी मफलरमध्ये शिरली. अंकल स्वतः कुडकुडत होते, पण नजर त्या मानेवर.

"अब आंखें बंद."

मॅडमनी डोळे मिटले, लाकूड उचललं. मागचं टोक जॅकेटच्या काखेत रुतलं. ओढलं, निघालं, पुन्हा रुतलं. "अटक रा," त्या म्हणाल्या. अंकलनी टोक पाव इंच आत सरकवलं. पुन्हा. अजून अटक रा. पुन्हा पाव. रफिक आत येऊन घड्याळ दाखवून गेला. सव्वा इंचाला अडकत होतं, दीडलाही, पावणेदोनला कापड घासत होतं. दोन इंचावर लाकूड असं वर आलं, की मॅडमनी न सांगता डोळे उघडले.

"आ गया," त्या म्हणाल्या. मग लगेच, "पर मक्खी किधर गई?"

आतला उजेड पिवळा आणि मंद, ट्यूबवर बर्फ साचलेलं. उन्हात सुईसारखी दिसलेली ती पातळ माशी तिथे दिसेचना, आणि मागचं बारीक भोक नुसतं काळं. अंकलनी दुसरी जोडी चढवली, मागे दोन शिंगं असलेली. शिंगांनी पलीकडचं अख्खं खोकं झाकलं. तिसरी लावली. मागे मोठ्या भोकाची चकती, पुढे जोंधळ्याएवढा पितळेचा मणी. पंचवीस पावलांवर खोक्यावर छापलेला एक हिरवा मटार होता, त्यावर मॅडम बघत राहिल्या.

"दिख रा," शेवटी म्हणाल्या. "छेद नहीं दिख रा, बस मनका दिख रा."

"भोक दिसायलाच नको, नजर मण्यावरच पाहिजे," अंकल मराठीतच म्हणाले. मॅडमना कळलं असावं.

एक अडचण उरली, मणी बघायला मॅडमना मान दाबावी लागत होती. मफलरमुळे गाल थोडा वर बसत होता, त्यामुळे डोळाही निशाणांच्या वर. कुणीही सुतार गालाची जागा तासून मोकळा झाला असता. ती जागा तर वडिलांची. अंकलनी खिसे चाचपले. सरांची व्हिजिटिंग कार्डं निघाली. मागच्या चकतीखाली एक सरकवलं, मॅडमनी डोळे मिटून उघडले, अजून एक, अजून एक. तिसऱ्या कार्डाला मणी भोकाच्या मधोमध आला. गाल खाली न्यायचा नाही, तर निशाणं वर आणायची. पुढची माशीही तेवढीच उंच करायची. बाहेर पडल्यावर अंकलचे ओठ जांभळे होते. ती तीन कार्डं त्यांनी टेपने एकत्र चिकटवून पाकिटात ठेवली.

नियमात असली चकती चालते का, हे सरांनी स्वतः तिकडच्या ऑफिसला मेल करून विचारलं. तिकडून होकार आला. पण दोन इंच ऐकल्यावर सर पुन्हा उठले. "सव्वाचं माप सगळ्यांसमोर घेतलं. तुम्ही पाऊण इंच जास्त कापताय. चुकलं तर इट इज गॉन, लॉरेन्सभाऊ. मी तिला काय सांगू?"

"मी सांगेन सर."

कापायच्या दिवशी मॅडम आल्या. अंकलनी लाकडाभोवती चिकटपट्टी गुंडाळली, तिच्यावर रेघ मारली, करवत हातात घेतली आणि थांबले. "मॅडम, मैं बोलता दो इंच पक्का. काटना कि नहीं, वो तुम बोलो."

मॅडमनी तळहात त्या फिक्या जागेवर ठेवला. मिनिटभर तसाच. मग उचलला. "काटो."

अंकलच्या हाताला घाई ठाऊक नाही. करवत दोन बोटं पुढे, एक मागे. सर दारात पाठ करून उभे होते. आईने टेलिफोन बाजूला काढून ठेवला. तुकडा पडला तेव्हा अंकलनी तो खाली पडू दिला नाही, डाव्या हातात झेलला आणि मॅडमना दिला. त्यांनी तो हुंगून पर्समध्ये टाकला. पुढचे चार दिवस नवीन टोक बसवणं, उंच निशाणं बसवणं. मण्याचं तोंड अंकलनी सपाट घासलं. गोल राहिला तर ऊन एकाच कडेला चमकतं, माणूस त्या चमकेलाच मणी समजतो आणि गोळी भलतीकडे जाते.

नोव्हेंबरमध्ये नेमबाजीच्या क्लबात चाचणी. आम्ही काचेमागे. चौतीस डिग्री. मॅडमनी अमेरिकेहून मागवलेला स्वतःचा कोट आणला होता, पण तो खुर्चीवर.

"मॅडम, कोट," अंकल म्हणाले.

"अरे, एक राउंड विदाउट," सर म्हणाले. "धिस हीट. बघू तर द्या."

मॅडमनी कोटाशिवाय बार काढला. धूर, धडाका, आणि मॅडम नाक धरून. दस्ता आखूड पडला, धक्क्याने त्यांचाच अंगठा त्यांच्याच नाकावर बसला. गोळी कागदाला लागलीच नव्हती. सरांचा आवाज एकदम मऊ झाला. मला तो तेव्हापासून काढायचाय, जमत नाही. "लॉरेन्सभाऊ... दोन इंच."

अंकलनी कोट उचलला आणि मॅडमच्या मागे धरला, चर्चमध्ये नवरदेवाला धरतात तसा. "पहनो मॅडम. मफलर भी. हातमोजे भी."

मॅडमचे डोळे पाणावलेले, नाक लाल. त्या अंकलकडे बघत राहिल्या. आता त्या नाही म्हणाल्या असत्या तर अंकलकडे दाखवायला काहीच नव्हतं, लाकूड तर गेलेलं. त्यांनी हात बाह्यांत घातले. घाम निथळत ठासली, डोळे मिटले, उचलली, उघडले. गोळी मधल्या काळ्यात. पुन्हा ठासली. त्याच्या शेजारी. तिसरी पहिल्या दोघींना चिकटून. कोट काढला तेव्हा त्या नळाखालून आल्यासारख्या भिजल्या होत्या, आणि बंदूक पेटीत ठेवत होत्या.

परतताना पिकअपमध्ये मी म्हणाले, "अंकल, डिसेंबरमध्ये बघा. व्हॉइस नोट येणार. 'लॉरेन्स, तुम्हारा बंदूक वल्ला एकदम मस्त.'" हे मी मॅडमच्या आवाजात म्हणाले, आणि तो बरा जमला होता.

"नाही येणार," अंकल म्हणाले.

"म्हणजे त्या तुम्हाला विसरणार?"

"मला नाही. बंदुकीला. माप चुकलं असेल तर बंदुकीचंच बोलेल. इथे टोचली, तिथे अडकली. बरोबर असेल तर एक शब्द नाही निघणार. तू चपलेबद्दल कधी बोलतेस? चावली की."

"इतकं करून बंदुकीबद्दल एक शब्दही नाही? इम्पॉसिबल. बेट."

"काय लावतेस?"

"तुम्ही सांगा."

"इनेजला नाताळात कुलकुल वळायला माणूस पाहिजे. पाच किलो मैदा." कुलकुल म्हणजे नाताळात तळतात त्या गोड शिंपल्या, एकेक हाताने वळायच्या.

"ओके. आणि मी जिंकले तर सिंहाची गोष्ट तळमजल्यावरच्या काकूंना तुम्ही स्वतः सांगायची, पंजासकट."

"ओके बाय," अंकल म्हणाले, न तोडता.

डिसेंबरच्या अठरा तारखेला व्हॉइस नोट आली, सहा मिनिटांची. आईने काउंटरवर फोन ठेवला. सर आले, अंकल हात पुसत आले. मॅडमचा आवाज बसलेला, थंडीने असेल. बर्फात पाय गुडघाभर जातो म्हणाल्या. वाटाड्याने एक हातमोजा हरवला आणि तो दिवसभर शिव्या देत होता. बाबा इथे ज्या खडकाला टेकून बसायचे तो खडक त्याने दाखवला, त्या तिथेच बसल्या. चौथ्या दिवशी पहाटेच्या अंधुक उजेडात हरीण आलं, झाडांमधून, आवाज न करता. श्वासाची वाफ दिसत होती, हरणाची आणि त्यांची. "मैं देखी," मॅडम म्हणाल्या, "और वो बैठ गया." म्हणजे पडलं, एकाच गोळीत. मग बराच वेळ नुसता वारा. मग सूपबद्दल, मग ताजबीला फोन केला त्याबद्दल, मग लॉरेन्सला सलाम, बाय.

मी पुन्हा लावली. तिसऱ्यांदा लावली. "'देखी' म्हणजे निशाणातूनच ना," मी म्हणाले. "दॅट काउंट्स."

"निशाण म्हणाली?" अंकलनी विचारलं.

"नाही, पण—"

"दस्ता म्हणाली? मणी?"

मी सरांकडे बघितलं, बेट त्यांनाही ठाऊक होती. सरांनी दोन बोटं घड्याळावर ठेवली, मग काढली. "टेक्निकली," ते म्हणाले, "तू हरलीस."

त्या रविवारी मी इनेज आंटीच्या डायनिंग टेबलावर दुपारी दोन ते रात्री नऊ बसून, काट्याच्या पाठीवर एकेक गोळी दाबून, पाच किलो मैद्याच्या कुलकुल वळल्या. अंकल दर अर्ध्या तासाने येऊन एक उचलायचे, डोळे मिटून बोटांत फिरवायचे, आणि जाड झाल्यात म्हणून परत परातीत टाकायचे.